काशानचा विंचू आणि चारपाई

इराणमध्ये एकेकाळी एखाद्याला शाप द्यायचा तर, काशानचा विंचू तुझ्या हाताला डसो, असे म्हणत. काशान हे दश्त-ए-कवीर या मिठाच्या वाळवंटाच्या कडेला वसलेले जुने शहर. गुलाबपाणी, रेशीम, गालिचे आणि मशिदींच्या भिंतींवरच्या चकाकत्या फरश्या ही त्याची ओळख. अशा फरशीला फारसीत ‘काशी’ म्हणतात, तो शब्दही याच शहराच्या नावावरून आलेला. पण परक्या मुलखातून येणाऱ्या प्रवाशांनी काशानबद्दल लिहिताना फरश्यांबरोबर विंचवांचीही नोंद घेतली.

वाळवंटातले घर आणि विंचू यांचे नाते समजून घेण्यासारखे आहे. काशानची जुनी घरे कच्च्या विटांची आणि मातीच्या गिलाव्याची. भिंती जाड, अंगण जमिनीच्या पातळीपेक्षा खाली, मध्ये पाण्याचा हौद आणि दुपारच्या उन्हापासून वाचण्यासाठी तळघर. उन्हाळ्यात माणसाला सावली, गारवा आणि ओल हवी असते. विंचवालाही तेच हवे असते. शिवाय जिथे माणूस, धान्य आणि दिवा तिथे किडे, आणि जिथे किडे तिथे त्यांना खाणारा विंचू. तो दिवसभर भेगेत बसतो, रात्री बाहेर पडतो. त्यात इराणी रिवाजाप्रमाणे अंथरूण जमिनीवर. म्हणजे विंचवाची फिरण्याची वेळ आणि माणसाची झोपण्याची वेळ एकच, जागाही एकच.

यावर काशानकरांनी काय केले? १६३७ साली होल्स्टाइनच्या ड्यूकची वकिलात सफवी दरबाराकडे जाताना काशानला थांबली होती. तिचा सचिव ॲडम ओलेरियस हा जर्मन विद्वान. त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे की इथले लोक विंचवाच्या भीतीने इतरांसारखे जमिनीवर झोपत नाहीत, तर उंच चौकटीवर अंथरूण घालतात आणि तिला चारपाई म्हणतात. फारसीत ‘चहार’ म्हणजे चार आणि ‘पाय’ म्हणजे पायच. हाच शब्द हिंदी-उर्दूत नांदतो आणि आपण त्या वस्तूला बाज किंवा खाट म्हणतो. विंचू उडत नाही, तो चालत येतो. त्याच्या आणि माणसाच्या मध्ये हातभर अंतर ठेवले की बरेचसे काम होते. इतका साधा हा उपाय.

ओलेरियसने आणखी दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. विंचू चावला की काशानचे लोक त्या जागी तांब्याचे नाणे ठेवत आणि त्यासाठी ‘पूल’ नावाचे तांब्याचे नाणे जवळ बाळगत. नंतर मध आणि सिरक्याचा लेप लावत. दुसरी गोष्ट अधिक मजेशीर. परक्या माणसाने ‘मन गरीबम’, म्हणजे मी परदेशी आहे, एवढे म्हटले की काशानचा विंचू त्याला डसत नाही, अशी समजूत होती. ओलेरियसचा यावर विश्वास नव्हता. या शब्दांपेक्षा स्वतःची सावधगिरी अधिक भरवशाची, असे त्याचे मत. त्याला स्वतःला शमाखी शहरात विंचू डसला होता आणि ते दुखणे त्याच्या चांगलेच लक्षात राहिले होते.

अशा समजुती केवळ काशानच्या नव्हत्या. सीरियातल्या हिम्स शहरात मशिदीच्या दाराजवळच्या दगडावर वर माणूस आणि खाली विंचू अशी आकृती कोरलेली होती. ओली माती त्या आकृतीवर दाबून तिचा ठसा घ्यायचा आणि ती माती दंशावर लावायची. मुकद्दसीसारख्या अरब भूगोलकारांनी हिम्सच्या या तोडग्याची नोंद केली आहे. नसीबीन शहरात विंचू इतके का, याचे उत्तर म्हणून याकूत एक कथा देतो : अनुशिरवान बादशहाने वेढा घातला तेव्हा शहरझूरचे विंचू गोळा करून तटाच्या आत फेकले, त्यांचीच ही प्रजा. कथा खरी की खोटी हा वेगळा प्रश्न. पण आपल्या घरातल्या विंचवाचे खापर शत्रूवर फोडण्याची सोय तिच्यात आहे.

मात्र याच जगात अल-जाहिजही होता. बसऱ्याच्या या लेखकाने नवव्या शतकात ‘किताब अल-हयवान’ हा प्राण्यांवरचा सात भागांचा ग्रंथ लिहिला. विंचवाची पिल्ले आईचे पोट फाडून बाहेर येतात आणि आई मरते, असे तेव्हा सर्रास मानले जाई. जाहिजला ते पटले नाही. विश्वासातल्या माणसाने पाहिलेले त्याने पुढे ठेवले : मादी मरत नाही, उवांएवढी बारीक, पुष्कळ पिल्ले ती पाठीवर वाहून नेते. पिल्ले तोंडातून जन्मतात, हा त्या साक्षीतला भाग चुकीचा होता. पण पाठीवरची पिल्ले अगदी खरी. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे सांगायला नको. ऐकीव गोष्टीपुढे पाहिलेली गोष्ट ठेवणे, हे महत्त्वाचे.

आता हदीसकडे वळू. आपल्याकडे विंचू म्हटले की अनेकांना एकच प्रसंग आठवतो : दंश झालेल्या एका टोळीप्रमुखावर सहाबींनी सूरह फातिहा पढून फुंकर घातली, तो बरा झाला आणि मोबदल्यात शेळ्या-मेंढ्या मिळाल्या. हा प्रसंग हदीसमध्ये आहेच. पण त्याच संग्रहांत इतरही बरेच आहे. अंथरुणावर पडण्याआधी ते कपड्याच्या टोकाने झटकून घ्या, कारण आपल्यामागे तिथे काय येऊन बसले ते माहीत नसते, ही शिकवण बुखारीत आहे. नमाज चालू असली तरी साप आणि विंचू मारावा, ही परवानगी आहे. हरमच्या हद्दीत शिकार निषिद्ध, तरी ज्या पाच प्राण्यांना मारण्याची मुभा आहे त्यांत विंचू आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना नमाजमध्ये विंचू डसला तेव्हा त्यांनी मीठ आणि पाणी मागवले, अशीही रिवायत आहे. म्हणजे दुआ आहे, पण तिच्याबरोबर झटकलेले अंथरूण आहे आणि हाताशी असलेला उपचारही आहे. आपण यातली फुंकर तेवढी उचलली आणि झटकणे विसरलो.

विषावरचे औषध यायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९०९ मध्ये चार्ल्स टॉड यांनी इजिप्तमध्ये घोड्यांच्या रक्तापासून विंचवाच्या विषावरची लस तयार केली. पुढे इराणात अशी लस बनवणाऱ्या संस्थेला नाव मिळाले ते मध्ययुगातला थोर हकीम अल-राझी याचे. महाराष्ट्र वाळवंट नाही, पण कोकणातला लाल विंचू जीव घेतो. त्याच्या दंशाने हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध वापरून असे रुग्ण वाचवता येतात हे दाखवून दिले. तोवर ‘विंचू उतरवणाऱ्या’कडे गेलेले काही तास अनेकांना, विशेषतः लहान मुलांना, भोवत होते. आजही ते भोवतात.

इतिहासाच्या पुस्तकांत हिम्सचा दगड येतो, वेढ्याची कथा येते. रोज संध्याकाळी भेगा लिंपणाऱ्या, सरपण काठीने हलवून मग उचलणाऱ्या, जोडे उलटे करून झटकणाऱ्या आणि मुलांची अंथरुणे वर घालणाऱ्या बायकांची नोंद कुणी घेतली नाही. ओलेरियसची ती ओळ म्हणूनच मोलाची वाटते. काशानचे तोडगे इतिहासजमा झाले, चारपाई अजून वापरात आहे. पण तिच्यासाठीही चार लाकडे आणि दोर परवडावे लागतात. विटांच्या ढिगाशेजारी, शेताच्या बांधावर, ऊसतोडीच्या पालात जमिनीवर झोपणाऱ्याला आजही विंचू आधी गाठतो. त्याला शहाणपण शिकवण्याआधी एक बाज आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात औषध, एवढे तरी मिळायला हवे.