गृहविक्रयांतील गुप्त दोष व विक्रेत्याचें मौन

घर विकत घेऊन बिऱ्हाड आंत नेल्यावर पहिल्याच पावसांत छप्पर गळूं लागावें, आढें वाळवीनें पोखरलेलें निघावें, किंवा विहीर चैत्रांतच आटते असें शेजाऱ्याकडून कळावें. आणि विकणारानें 'तुम्हीं पाहूनच घेतलें' असें उत्तर द्यावें, हा प्रकार कोणा एका देशाचा अथवा काळाचा नाहीं. यांत खोटें बोलल्याचा प्रश्न सोपा असतो. अवघड प्रश्न मौनाचा. दोष ठाऊक असून विकणार गप्प राहिला व घेणारानेंहि विचारलें नाहीं, तर तें मौन अपराध होय कीं नव्हे? हल्लींचा नियम १८८२ च्या कायद्यांत असल्यामुळें ही कल्पना इंग्रजी अमदानीबरोबर आमच्याकडे आली, असा समज होण्याचा संभव आहे. तो समज साधार नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

१. रोमन खटला

तुलनेसाठीं प्रथम रोमकडे वळणें सोयीचें आहे. कारण तेथील एका खटल्यांत विकलेली वस्तु घरच होती व निकालाचें कारणहि लिहून राहिलें आहे. सिसरोनें इ. स. पू. ४४ मध्यें आपल्या मुलास उद्देशून कर्तव्यांविषयीं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत ही हकीकत आहे. टायबेरियस क्लॉडियस सेंटुमॅलस याचें घर सीलियन टेकडीवर होतें. राज्याचे शकुन पाहणारे अधिकारी गढीवरून शकुन पाहत, त्यांच्या दृष्टीआड या घराचा उंच भाग येई. तो पाडावा अशी त्यांनीं मालकास आज्ञा केली. मालकानें आज्ञेची वाच्यता न करतां घर विक्रीस काढलें व तें पब्लियस कॅल्पर्नियस लॅनेरियस यानें घेतलें. पुढें तीच आज्ञा नव्या मालकास झाली व त्यानें तो भाग पाडला. विक्रीची जाहिरात आज्ञेनंतरची होती हें समजतांच त्यानें फिर्याद केली. निवाडा मार्कस केटो याजकडे आला. प्रसिद्ध धाकट्या केटोचा हा पिता. त्यानें निर्णय दिला कीं, विकतांना गोष्ट ठाऊक होती व ती सांगितली नाहीं, म्हणून घेणाराचें नुकसान विकणारानें भरून द्यावें.

सिसरो सांगतो कीं, प्राचीन द्वादश-पट्ट कायद्यांत विकणारानें तोंडानें जें सांगितलें तेवढ्यापुरतीच जबाबदारी होती. मौनासहि दंड हा भाग पुढील कायदेपंडितांनीं वाढविला. मात्र त्यास मर्यादाहि होती. ग्रॅटिडिएनस यानें सर्जियस ओराटा यास विकलेल्या घरावर दुसऱ्याचा एक हक्क होता व विकतांना तो सांगितला नव्हता. पण तें घर कांहीं वर्षांपूर्वीं ओराटानेंच त्याला विकलेलें होतें. तेव्हां, ज्यास दोष आधींच ठाऊक त्याची फसवणूक कशी, असा युक्तिवाद विकणाराच्या वकिलानें केला. ही मर्यादा लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

याच ग्रंथांत दोन तत्त्ववेत्त्यांचा वाद आला आहे. घर रोगट आहे, सर्व खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजलें आहे, आणि हें मालकावांचून कोणासच माहीत नाहीं, असें समजावें. अँटिपेटर म्हणतो, न सांगणें म्हणजे वाट चुकलेल्यास वाट न दाखविण्याहून वाईट. डायोजेनीस म्हणतो, त्यानें घेण्याची बळजबरी केली नाहीं. घेणारास डोळे व बुद्धि आहे. सिसरोचा कौल पहिल्याच्या बाजूस आहे.

२. धर्मशास्त्राची व्यवस्था

आतां आपल्या ग्रंथांकडे पाहूं. खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप हें अठरा व्यवहारपदांपैकीं एक पद आहे. मनूनें त्यास क्रयविक्रयानुशय म्हटलें; नारदानें त्याचीं विक्रीयासंप्रदान व क्रीत्वानुशय अशीं दोन पदें केलीं. हे नियम धान्य, जनावर, रत्न यांपुरतेच होते, घरास ते लागू नव्हते, अशी शंका येणें साहजिक आहे. याज्ञवल्क्यानें परीक्षेची मुदत सांगतांना बीं, लोखंड, बैल, रत्न, दुभतें जनावर इत्यादींचींच नांवें घेतलीं आहेत. घर त्यांत नाहीं.

पण या शंकेचें निरसन दोन ठिकाणीं होतें. नारद विक्रयाचें प्रकरण सुरू करतांनाच द्रव्य स्थावर व जंगम असें द्विविध सांगून, खरेदी-विक्रीच्या व्यवहारांत त्या सर्वास पण्य म्हणतो. म्हणून पण्याचे त्याचे नियम घरासहि लागू होतात. दुसरें प्रमाण मिताक्षरेचें. कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यांत लिहिणारा विज्ञानेश्वर असा प्रश्न उपस्थित करतो कीं, याज्ञवल्क्यानें वस्तुपरत्वें निराळ्या मुदती दिल्या असतां मनु सरसकट दहा दिवस कसे सांगतो? त्याचें उत्तर असें कीं, मनूचें वचन घर, शेत, वाहन, शय्या, आसन इत्यादि वस्तूंविषयीं समजावें. म्हणजे घर घेणारास दहा दिवसांत तें परत करण्याची मुभा होती. मात्र ही मुभा न पारखतां घेतलेल्या वस्तूपुरती; पारखून, परत न करण्याच्या बोलीनें घेतलेली वस्तु परत करतां येत नाहीं, असेंहि तो सांगतो. दहा दिवस उलटल्यावर व्यवहार मोडूं पाहणारास मनूनें सहाशें पणांचा दंड सांगितला आहे.

दहा दिवसांची मुदत घराच्या बाबतींत थोडी आहे हें उघड आहे. फाल्गुनांत घेतलेल्या घराचें छप्पर मृगांतच बोलूं लागतें. परंतु जाणूनबुजून केलेल्या लबाडीस शास्त्रकारांनीं निराळा नियम लावला आहे व त्यास दहा दिवसांची अट जोडलेली नाहीं. निर्दोष दाखवून सदोष देणारानें घेणारास मूल्याच्या दुप्पट द्यावें व तितकाच दंड राजास भरावा, असें नारद म्हणतो. सदोष वस्तु निर्दोष म्हणून विकणारास याज्ञवल्क्यहि मूल्याच्या दुप्पट दंड सांगतो. बृहस्पति तर दोष जाणत असून विकणारा असें स्पष्ट म्हणतो. मनु विक्रीस अयोग्य वस्तूंत झांकून ठेवलेली वस्तु घालतो. केटोच्या निवाड्याचें मर्म 'ठाऊक असून सांगितलें नाहीं' हें होतें. तेंच मर्म येथें आहे. फरक इतकाच कीं, केटोनें नुकसानीची भरपाई देवविली, आमच्या शास्त्रकारांनीं त्यावर दंडहि बसविला.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आणखी एक उपाय सांपडतो. घर विकावयाचें तें प्रथम ज्ञाति, शेजारी व धनको यांनीं क्रमानें घ्यावें, नंतर परक्यांनीं. विक्रीची घोषणा घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांदेखत, तीन वेळ करावी. या नियमाचा मुख्य हेतु हक्काचे वाद टाळणें हा दिसतो. परंतु त्याचा दुसराहि उपयोग अनुमानानें सांगतां येतो. कोणत्या घरांत साप निघतो व कोणती विहीर आटते, हें चाळीस शेजाऱ्यांपासून लपून राहत नाहीं. जें मालक सांगणार नाहीं, तें गल्ली सांगते.

३. मराठी खरेदीखतें

मराठेशाहींतील घरांच्या खरेदीखतांत चतुःसीमा, किंमत, विक्रीचें कारण व साक्षी यांचा उल्लेख असतो. भाऊबंद किंवा इतर कोणी हरकत केल्यास ती विकणारानें वारावी, असा करारहि असतो. भिंत, लाकूड, पाणी यांच्या गुणदोषांची हमी मात्र या सांच्यांत नसते. यावरून असे तंटे होतच नसत असें अनुमान काढणें चुकीचें होईल. खत हें ज्या भयाविरुद्ध लिहिलें जाई, तें भय भाऊबंदकीचें होतें. कुजलेला वासा बदलतां येतो. परंतु दहा वर्षांनीं उगवलेल्या चुलतभावाचा हिस्सा घरच घेऊन जातो. शिवाय घेणार बहुधा त्याच पेठेंतला वा गांवचा, घर जन्मभर पाहिलेला. ओराटाप्रमाणें त्यास दोष आधींच ठाऊक असे.

४. इंग्रजी कायदा व पुढें

इंग्लंडांत घरजमिनीच्या विक्रींत 'घेणारानें सावध असावें' हें सूत्र प्रबळ होतें. हक्कांतील छपलेला दोष सांगणें विकणारास भाग असे. पण इमारतीच्या दोषाविषयीं तो केवळ गप्प राहिला तर सामान्यतः जबाबदारी येत नसे. हिंदुस्थानासाठीं केलेल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमानें याहून पुढें पाऊल टाकलें. उलट करार नसेल तर, मालमत्तेंतील अथवा हक्कांतील जो महत्त्वाचा दोष विकणारास ठाऊक आहे, घेणारास ठाऊक नाहीं व साधारण काळजी घेऊनहि त्यास कळण्यासारखा नाहीं, तो विकणारानें सांगितलाच पाहिजे. न सांगणें कपट समजावें. मुंबई इलाख्यास हा कायदा १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. दोष ठाऊक असणें, तो सांगितलेला नसणें व घेणार त्याविषयीं अज्ञानांत असणें, हीं यांतील तीन अंगें केटो व बृहस्पति यांच्या परिचयाचीं होतीं. १८८२ च्या कायदेकर्त्यांनीं तीं स्मृतींवरून घेतलीं असें म्हणण्यास आधार नाहीं. परंतु या देशांत तीं नवीं नव्हतीं, एवढें निश्चित म्हणतां येतें.

राहिला प्रश्न ज्या दोषाचा विकणारासहि पत्ता नव्हता त्याचा. दहा दिवसांत तो दिसला तर मनूच्या नियमाचा आश्रय. नंतर दिसला तर नुकसान घेणाराचें. १८८२ च्या कायद्यांत तेवढे दहा दिवसहि नाहींत. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें ताबा दिल्यापासून पांच वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करण्याचें ओझें विकासकावर टाकलें आहे व तेथें त्यास दोष ठाऊक होता कीं नाहीं हें पाहिलें जात नाहीं. परंतु हा नियम विकासकापुरता आहे. एका गृहस्थानें दुसऱ्यास विकलेल्या जुन्या घराच्या बाबतींत अद्यापि ५५ वें कलमच चालतें; व त्याखालीं घेणारास मुख्यतः सिद्ध करावें लागतें तें हेंच कीं, विकणारास दोष ठाऊक होता. लॅनेरियसास तें जाहिरातीच्या तारखेनें सिद्ध करतां आलें. ज्याच्यापाशीं तसा पुरावा नाहीं, त्याला आजहि कौटिल्याच्या चाळीस शेजाऱ्यांसारखा साक्षीदार शोधावा लागतो.