विहीर आणि अर्ज

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीत नळाला गढूळ पाणी आलं. मी म्हटलं, कळवायला हवं. तर एक गृहस्थ म्हणाले, "कशाला काकू? कळवलंत तर तपासणीच्या नावाखाली पाणीच बंद करतील." मला एकदम अण्णा आठवले.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी अकरा वर्षांची. आमचा वाडा शनिवार पेठेत. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण, काम पुरतं झालेलं नसतानाच पहिल्या पावसाळ्यात भरलं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून ते धरून ठेवलं, म्हणून ते रात्री न फुटता सकाळी फुटलं. किती माणसं त्यामुळे वाचली असतील! पण आमच्या वाड्याला रीतसर कोणी काही कळवलं नाही. रस्त्याने माणसं "पाणी आलं, पाणी आलं" करत पळू लागली, तेव्हा कळलं.

दुपारी खडकवासलाही फुटलं. पुण्याला पाणी देणारं ते धरण! पुराच्या कहाण्या सगळेच सांगतात, पण पूर ओसरल्यावर गावभर चिखल आणि नळाला थेंब नाही, ही गोष्ट मागे पडते. वीजही नव्हती. तेव्हा पेशवाई मदतीला आली म्हणा ना! नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या दगडी नळाने गावातल्या हौदांत पाणी आणलं होतं. ते हौद आणि वाड्यावाड्यांतल्या विहिरी, ज्यांच्याकडे नळ आल्यापासून कोणी बघत नव्हतं, त्यांच्यावर पुन्हा रांगा लागल्या. मी आणि आई, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. टायफॉइड-कॉलऱ्याच्या सुया टोचून दंड सुजलेला, त्याच हाताने रहाट ओढायचा.

आमच्या वाड्यातही विहीर होती. पुराचं पाणी चौकापर्यंत येऊन गेलेलं. पुरुषांनी मिळून तिचा उपसा केला, पाणी स्वच्छ दिसू लागलं. शेजारच्या दोन वाड्यांतलीही माणसं येऊ लागली. चार-पाच दिवसांनी अण्णांना पाण्याला वास आला. बाकी कोणाला आला नाही... किंवा आला तरी कोणी बोललं नाही. मालक म्हणाले, "मास्तर, गप्प बसा. विहीर बंद केली तर प्यायचं काय?" खरंच होतं ते.

अण्णांनी रात्री कंदिलाच्या उजेडात अर्ज लिहिला. सकाळी स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. दुसऱ्या दिवशी माणसं आली, विहिरीत औषध टाकलं आणि तोंडावर फळ्या ठोकून गेली. आठ दिवस! त्या आठ दिवसांत आई आणि मी कुठल्या कुठे पाण्याला जात होतो. वाड्यात आमच्याशी कोणी बोलेना. आईसुद्धा अण्णांशी धड बोलत नव्हती. एकदा हंडा आदळून म्हणाली, "वास तुम्हालाच कसा आला?" अण्णा काही बोलले नाहीत. संध्याकाळी शाळेतून आले ते परस्पर हौदावर गेले आणि दोन बादल्या भरून आणल्या. मास्तरांनी पाणी भरणं तेव्हा लोक वळून बघत.

त्या पाण्याने कोणी आजारी पडलं असतं की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. वाड्यात कोणी आजारी पडलं नाही, त्यामुळे अण्णा उगीच घाबरले असंच सगळ्यांचं मत कायम राहिलं.

पोचेचा तो कागद अण्णांच्या ट्रंकेत होता, ते गेल्यावर सापडला. घडीवर फाटलाय. त्या गृहस्थांशी बोलणं झालं त्या दिवशी मी तो काढून पाहिला, आणि मग नातवाला म्हटलं, तुझ्या मोबाइलवरून तक्रार कशी करतात ते दाखव.

आज सकाळपासून पाणी बंद आहे. लिफ्टमध्ये ते गृहस्थ भेटले. नमस्कार केला नाही.