राक्षस येतो तेव्हाचा उजेड

चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका सभागृहात मराठी संगीत नाट्यप्रवेशांची तालीम चालली होती. प्रकाशयोजना माझ्याकडे. राक्षसाच्या प्रवेशाला मी लाल झोत एकदम पूर्ण आणि लगेच अंधार असं लिहून ठेवलं होतं. डिमरवरचे वयस्कर तमिळ गृहस्थ कागद बघून म्हणाले, "सार, आमच्या कूत्तात हे पंदमवर कुंगिलियम फेकून करतात." कूत्त म्हणजे तमिळ लोकनाट्य, पंदम म्हणजे पलिता आणि कुंगिलियम म्हणजे राळ. माझं तालमीतलं लक्ष उडालं. ही तर आमच्या सांगलीची युक्ती!

सांगलीची गोष्ट सर्वांना पाठ आहे: 1842 साली कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ झाले, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसंच काही करायला सांगितलं आणि 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. त्या नाटकांतला राक्षस 'अलल्डुर्र' करत यायचा आणि त्याच क्षणी पलित्यावर राळ उडायची. राळेचा खडा विस्तवावर ठेवला तर नुसता धुमसतो. तोच कुटून वस्त्रगाळ करून मूठभर उधळला, की कणाकणाला हवा मिळते आणि सगळा ढग एका दमात पेटतो. रंगवलेलं तोंड लख्ख दिसतं, डोळे दिपतात, मग अंधार आणखी दाट होतो आणि प्रेक्षकाला वाटतं, राक्षस अंगावर आला. आता राळ उडते ती बातम्यांत, आरोपांची. ती कुठल्या पलित्यावर पेटायची हे लिहिणाऱ्यांच्या गावीही नसतं.

मग ही युक्ती मूळची कुणाची? साहेबाची, असं म्हणणारे भेटतात, आणि कागद त्यांच्या बाजूने आहे. सेर्लिओ या इटालियनाने 1545 च्या पुस्तकात रंगमंचावरची वीज अशाच भुकटीने आणि मेणबत्तीने करायला सांगितली आहे. साब्बातिनी या दुसऱ्या इटालियनाच्या 1638 च्या पुस्तकात नरकाच्या ज्वाळा आहेत. पण कूत्त, कुचिपुडी, यक्षगान, सगळीकडे रात्रभराच्या खेळात पलित्यावर राळ पडते. या गावोगावच्या मंडळींनी इटालियन पोथ्या वाचल्या असतील, हे मला पटत नाही.

दुसरा दावा तंजावरचा, आणि चेन्नईत राहून तो डावलणं कठीण. शहाजीराजे भोसले यांनी 1684 ते 1712 राज्य केलं आणि मराठीत नाटकं लिहिली. त्यांचं 'लक्ष्मीनारायणकल्याण' हेच पहिलं मराठी नाटक, असं मानणारा पक्ष आहे. तंजावरच्या परंपरेत पात्राच्या प्रवेशाला स्वतंत्र गाणं असतं, त्याला प्रवेश दरू म्हणतात. दोघांनी धरलेल्या पडद्याआडून पात्र प्रकटतं. एवढा थाट असेल तिथे राळही असणारच. तरी भाव्यांनी पाहिली ती कानडी मंडळी, तंजावरची नव्हे. माझं मत असं की तंजावर आणि कर्नाटक ही चुलत घराणी, विजयनगरच्या छायेतल्या भागवत मेळ्यातून फुटलेली. सांगलीला राळ आली ती कर्नाटकातल्या चुलत्याकडून. राळ झाडांचीच, म्हणून झाडांची साक्ष काढू म्हटलं तर राळ देणारा सालवृक्ष दख्खनच्या उत्तरेला. पांढऱ्या डामराचं, म्हणजे दुसऱ्या एका राळेचं झाड मात्र सह्याद्रीत, कर्नाटकच्या घाटात आहे. इथवर सगळं जमतं. पण कडप्प्याच्या डोंगरातही राळेचं वेगळं झाड आहे, म्हणजे पूर्वेकडच्यांना कुणाकडे मागायची गरज नव्हती. झाडं दोन्ही बाजूंनी साक्ष देतात.

खरं कोडं वेगळंच आहे: मराठी रंगभूमीने राळ सोडली का? रंगमंचाच्या पुढच्या कडेचे दिवे, म्हणजे फूटलाइट आले म्हणून, हे सोपं उत्तर. मला कारण गळ्यात दिसतं. भाव्यांच्या नाटकात सूत्रधार बाजूला उभा राहून सगळ्यांची पदं म्हणायचा. राक्षसाला फक्त ओरडायचं होतं. 1880 ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं आणि पात्रं स्वतः गाऊ लागली. राळेच्या धुरात तान घेऊन पाहा! शिवाय गाणाऱ्याच्या तोंडावर उजेड पदभर स्थिर हवा, क्षणाचा भपका त्याच्या काय कामाचा? यावर कूत्ताचं नाव घेऊन कुणी मला अडवील, कारण तिथे नट स्वतः गातात आणि राळही उडते. पण कूत्त उघड्यावर होतं, धूर वाऱ्यावर जातो. संगीत नाटक बंदिस्त थिएटरात शिरलं होतं.

तमिळ रंगभूमीही त्याच वाटेने गेली. तंजावरचे मराठी गृहस्थ गोविंदस्वामी राव यांनी मराठी कंपन्यांचं पाहून तमिळ 'मनमोहन' नाटक मंडळी काढली. पुढे 1891 मध्ये पम्मल संबंध मुदलियारांनी मद्रासला सुगुण विलास सभा स्थापली. त्यांच्या आठवणींच्या इंग्रजी नावातच फूटलाइट आहेत. शहरी सभांच्या रंगमंचावर राळेला जागा उरली नाही, ती खेड्यातल्या कूत्तात राहिली.

धूर मात्र परत आला आहे. हल्ली एलईडीचे झोत हवेत उठून दिसावेत म्हणून ग्लायकॉलचं यंत्र विंगेत ठेवतात, आणि गायक मंडळी पहिल्याच तालमीला ते बंद करायला सांगतात.