शास्त्र वाचणारी बाई

आमच्या बेळगाव भागात दुपारच्या स्वाध्यायाला बायकाच जास्त, आणि शास्त्र वाचणारीही पुष्कळदा बाईच. तिला आज कुणी विचारत नाही, की बाई, तुला हा अधिकार कुणी दिला? पण हे आपोआप झालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मग्रंथ छापावेत की नाही, यावरूनच आपल्यात केवढा वाद! छापखान्यात ग्रंथाचा अविनय होतो म्हणे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी, 'जैन बोधक'वाले, छापण्याच्या बाजूनं उभे राहिले. पुढे मगनबाईंच्या श्राविकाश्रमात विधवा शिकू लागल्या.

म्हणूनच पाकिस्तानातल्या फरहत हाश्मींचं प्रकरण वाचताना मला ते परकं वाटलं नाही.

या बाई मदरशात शिकलेल्या नव्हेत. ग्लासगो विद्यापीठाची इस्लामी अभ्यासातली डॉक्टरेट. 1994 मध्ये त्यांनी इस्लामाबादला 'अल-हुदा' ही संस्था काढली. वर्ष-दीड वर्षाचा अभ्यासक्रम. कुरआनातला एकेक अरबी शब्द घ्यायचा आणि त्याचा उर्दू अर्थ सांगायचा. ऐकायला येणाऱ्या बहुतेक शहरी, सुखवस्तू घरांतल्या. लहानपणी अरबी वाचायला शिकलेल्या, पण अर्थ कधी न कळलेल्या. (आपल्या भक्तामराचं काय वेगळं आहे? तोंडपाठ सगळ्यांना, अर्थ विचारा.) ज्यांना येणं जमत नव्हतं त्यांच्याकडे कॅसेटी पोचल्या.

मग दोन्हीकडून टीका सुरू झाली. उलेमा म्हणाले, गुरुपरंपरेशिवाय, परदेशी विद्यापीठातून धर्म शिकलेली ही बाई अर्थ सांगणार कोण? पाळीच्या दिवसांतही बायकांना कुरआन वाचू देतात, हीसुद्धा त्यांची एक तक्रार होती. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं आणि जरा हसले. आपल्याकडच्या 'बाजूला बसण्या'वर मी काय वेगळं लिहू?

उदारमतवाद्यांचं म्हणणं नेमकं उलट. शिकलेल्या बायका नकाब घेऊ लागल्या, मेहंदीची गाणी, चाळिसाव्याचे विधी सोडू लागल्या. ही कसली सुधारणा? त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पडदा आणि नवऱ्याची आज्ञा यांबाबत हाश्मींची शिकवण जुन्या वळणाचीच आहे, ते मला पटत नाही. पण सदफ अहमद यांनी 2009 च्या आपल्या पुस्तकात या बायकांचंच म्हणणं ऐकून घेतलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

डिसेंबर 2015 मध्ये अमेरिकेत सान बर्नार्डिनोला 14 माणसं मारली गेली. मारणाऱ्या जोडप्यातली बाई काही काळ मुलतानच्या अल-हुदात शिकत होती, अभ्यासक्रम अर्धवट सोडून गेली होती. संस्थेनं हत्येचा निषेध केला. तरी कॅनडातल्या तिच्या शाखेपर्यंत बोटं रोखली गेली. कडक धर्माचरण आणि हिंसा यांतलं अंतर त्या गदारोळात कुणी मोजलं नाही. आपल्याकडे उपासतापास, संथारा यांवरून बाहेरचे बोलतात, तेव्हा आपल्याला काय वाटतं ते आठवावं.

मागच्या चातुर्मासात आमच्या स्वाध्यायात स्त्रीपर्यायातून मोक्ष नाही, हा भाग आला. वाचणारी बाई, ऐकणाऱ्या बाया. एका नव्या सुनेनं हळूच विचारलं, "काकू, मग आपण वाचतो कशाला?" काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "थांब, आधी अन्वय बघू," आणि तीच ओळ पहिल्यापासून वाचायला लागल्या.