डांबरी मिश्रणातील फिलर
डांबर आणि खडीच्या मिश्रणात घातली जाणारी अतिबारीक खनिज भुकटी. तिचा बहुतांश भाग ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली पडतो. भारतात त्यासाठी दगडाची भुकटी, सिमेंट किंवा विरलेला चुना वापरतात. ही भुकटी खडीमधल्या फटी बुजवते, शिवाय डांबरात मिसळून मॅस्टिक नावाचा घट्ट लगदा बनवते. खडीचे तुकडे प्रत्यक्षात या लगद्यानेच जोडलेले असतात. त्यामुळे उन्हाळ्यात डांबर मऊ पडले तरी रस्त्यावर चाकोऱ्या कमी उमटतात. मात्र भुकटीचे प्रमाण फार वाढले की मिश्रण कोरडे, ठिसूळ होते आणि तडे जातात.

चुन्याचा गुण विशेष मोलाचा. ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त दगडावरून पाणी डांबराचा थर सहज सोडवते. चुन्यातील कॅल्शियम डांबरातील आम्लांशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारी संयुगे बनवते, म्हणून १ ते २ टक्के चुन्यानेही पकड टिकते. याउलट भुकटीत चिकणमाती असली तर ती पावसात फुगते, खडी सुटते, खड्डे पडतात. क्रशरची धूळ न तपासता वापरणे म्हणूनच घातक. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशांनुसार भुकटीचा प्लॅस्टिसिटी इंडेक्स (चिकणमातीसारखा चिकटपणा दाखवणारा आकडा) ४ पेक्षा जास्त चालत नाही. चुना व सिमेंट यांना ही अट लागू नाही.