'डॉन क्विक्झोट'मधील धनी आणि चाकर : वेतनाच्या वादाचा ऐतिहासिक संदर्भ

मिगेल द सर्व्हान्टिस यांच्या 'डॉन क्विक्झोट' (भाग पहिला १६०५, भाग दुसरा १६१५) या कादंबरीतील क्विक्झोट व सँको पांझा यांच्याकडे समीक्षकांनी बहुधा आदर्शवाद आणि व्यवहारवाद यांची प्रतीके म्हणून पाहिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे वाचन अपुरे वाटते. क्विक्झोट हा 'इदाल्गो', म्हणजे प्रत्यक्ष करांतून सूट असलेला कनिष्ठ कुलीन. त्याच्या उत्पन्नाचा तीन चतुर्थांश भाग साध्या जेवणखाणावरच संपतो. सँको हा कर भरणाऱ्या, प्रसंगी मजुरी करणाऱ्या शेतकरीवर्गातला. १५८७ पासून आरमारासाठी अँडलुसियात गावोगाव धान्य व तेल गोळा करणाऱ्या सर्व्हान्टिस यांना हे दोन्ही वर्ग जवळून परिचित होते.

या दोघांतील खरा तंटा पवनचक्क्यांवरून नाही, पगारावरून आहे. पहिल्या भागाच्या विसाव्या प्रकरणात सँको विचारतो, की पूर्वी शिलेदारांच्या अनुचरांना मोबदला महिन्यावर मिळे की गवंड्याच्या बिगाऱ्यासारखा रोजावर? क्विक्झोटच्या मते अनुचर पगारावर नव्हे, धन्याच्या कृपेवर जगत. तरीही आपण मृत्युपत्रात त्याची तरतूद केल्याचे तो सांगतो. दुसऱ्या भागात सँको ठरावीक मासिक वेतन मागतो आणि नकार मिळताच रडत माघार घेतो. पुढे मात्र तो जुन्या धन्याकडील दर स्पष्ट सांगतो : जेवण धरून महिना २ डुकाट.

हा हट्ट केवळ विनोदासाठी आलेला नाही. सोळाव्या शतकात स्पेनमधील किमती वाढत गेल्या (अमेरिकेतील चांदी हे त्याचे एकमेव कारण नव्हे) आणि ठरीव उत्पन्नावरील इदाल्गोंची ओढाताण झाली. स्वतः राजसत्तेनेच १५९६ व १६०७ मध्ये सावकारांची देणी थांबवली. अशा काळात बेटाच्या सुभेदारीचे आश्वासन आणि रोख महिना यांतील फरक निरक्षर सँकोलाही कळतो.

अखेर धनी नमतो. डल्सिनियाला जादूतून सोडवण्यासाठी सँकोने स्वतःला ३,३०० फटके मारावेत, अशी थट्टेखोरांनी घातलेली अट असते. क्विक्झोट दर विचारतो. फटक्याला पाव रियाल, एकूण ८२५ रियाल, असा हिशेब सँको चटकन मांडतो. नंतर काळोखात तो बरेचसे फटके झाडांच्या खोडांवर ओढतो आणि कण्हतो. धनी कळवळून मोजत राहतो. शुद्धीवर आलेला क्विक्झोट मृत्युपत्रात लिहवतो, की सँकोजवळच्या पैशांचा हिशेब कोणी मागू नये.