साडेतीन महिन्यांचा विमा

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. सांताक्रूझमधल्याच वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो, आणि त्या दिवशी मिठीच पात्र सोडून वस्त्यांत शिरली होती. पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली. दूषित पाण्यातून चाललेल्या माणसाला हा ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांत येतो. मेडिक्लेम पॉलिसीत मात्र अपघात वगळता पहिल्या ३० दिवसांतल्या आजाराला भरपाई नव्हती. आजही सर्वसाधारण पॉलिसीत हा नियम असतो. म्हणजे २७ जुलैला धावतपळत विमा उतरवणाऱ्या वाकोलेकराला त्या तापासाठी त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता. नियम अन्यायाचा नाही. संकट दारात आल्यावरच सगळे विमा घेऊ लागले, तर कोणताही निधी टिकणार नाही. पण आपल्याकडच्या अल्पमुदतीच्या आरोग्य विम्याचा इतिहास याच तिढ्याभोवती फिरतो: विम्याची मुदत हिशेबाच्या सोयीने ठरते, आजार त्या मुदतीला बांधलेला नसतो.

या तिढ्याचे मूळ मेडिक्लेमच्याही आधीचे आहे. औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचे काम सरकारने १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्लीत योजना सुरू होऊन पुढे ती मुंबईतही आली. कामगाराला हक्काचे उपचार देणारी ही योजना मोठीच होती, यात शंका नाही. पण मूळ कायद्याने हंगामी कारखाने वगळले होते, आणि आजारपणातल्या रोख भरपाईसाठी सहामाही मोजली जाते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये ती भरपाई मिळते. बारमाही नोकरीत हे गणित जमते. वाकोल्याच्या एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला वांद्रे-कुर्ला संकुल. तिथे कंत्राटावर साफसफाई किंवा पहारा करणाऱ्याचे काम मधेच सुटले, की त्याचे दिवस भरत नाहीत. रिक्षावाला आणि घरकाम करणाऱ्या बाया तर या चौकटीबाहेरच राहिल्या.

१९८६ मध्ये चार सरकारी सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणली. ती एक वर्षाची. पुढे आरोग्य विम्याची किमान मुदत एक वर्ष हाच सर्वसाधारण नियम राहिला. परदेश प्रवासाचा विमा हा ठळक अपवाद. नूतनीकरणात खंड पडला नाही, तर जुन्या आजारांसाठी ठरलेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे भरपाई न मिळण्याचा काळ, वर्षावर्षाने सरत जातो. वार्षिक पॉलिसीचे खरे बळ या साठत जाणाऱ्या हक्कात आहे, आणि नेमके तेच लहान मुदतीच्या पॉलिसीत नसते.

हे सर्वांत स्पष्ट दिसले ते २०२० मध्ये. विमा नियामक प्राधिकरणाने जूनमध्ये वर्षापेक्षा कमी मुदतीच्या कोरोना विम्याला खास परवानगी दिली आणि जुलैत ‘कोरोना कवच’ बाजारात आले. मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने; रक्कम ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत; प्रतीक्षा फक्त १५ दिवसांची. मधुमेह, रक्तदाब असलेल्यालाही ते मिळे, आणि कोरोनासोबत त्या दुखण्यांवर करावे लागलेले उपचारही त्यात धरलेले होते. शहरानुसार हप्ता बदलायला मनाई होती, त्यामुळे महागड्या रुग्णालयांच्या मुंबईतल्या माणसाला छोट्या गावातल्या माणसाइतकाच दर. इतकी सुटसुटीत पॉलिसी आपल्याकडे क्वचितच निघाली असेल. तरीही १५ जुलैला घेतलेले साडेतीन महिन्यांचे कवच ऑक्टोबरअखेर संपत होते, आणि मूळ नियमांत नूतनीकरणाची सोयच नव्हती. साथ मुदतीत संपत नाही हे दिसल्यावर ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाने ती सोय दिली, तीही मुदत संपण्याआधी नूतनीकरण केले तरच. मग मुंबईतली साथ उतरली, आणि ज्याने ‘आता काय गरज’ म्हणून पॉलिसी सोडली तो मार्च-एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत उघड्यावर होता.

यावर म्हणता येईल, की हातावर पोट असलेल्याला वर्षाचा हप्ता झेपत नाही. काहीच नसण्यापेक्षा चार महिने बरे. हे खरे आहे, आणि २०२० मध्ये कवच घेणाऱ्याने शहाणपणच केले. दोन नोकऱ्यांमधली फट किंवा परदेशी राहणाऱ्या मुलाकडची फेरी, अशा दोन्ही टोके ठाऊक असलेल्या काळासाठी छोटी पॉलिसी नाल्यावरच्या साकवासारखी उपयोगी पडते. पण नदीवर साकव चालत नाही. साठीला टेकलेल्या, साखर असलेल्या माणसाने तुकड्यातुकड्याने विमा घेणे म्हणजे दर वेळी प्रतीक्षाकाळ पहिल्या दिवसापासून मोजणे. दुसरा आक्षेप असा, की राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असताना विमा हवाच कशाला? ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत मुंबई उपनगर होते, आणि आता तिची मर्यादा ५ लाखांची आहे. तिचा लाभ प्रत्येकाने घ्यावाच. मात्र ती ठरावीक उपचारांना आणि यादीतल्याच रुग्णालयांना लागू आहे. जवळचे रुग्णालय त्या यादीत आहे का, हे आजारी पडण्याआधी पाहून ठेवावे लागते.

म्हणून कमी मुदतीची पॉलिसी समोर आली, की हप्त्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: भरपाई कोणत्या तारखेपासून सुरू होते, कोणत्या तारखेला संपते आणि त्यानंतर खंड न पडता पुढे जाता येते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल आणि पुढची सोय ठरलेली नसेल, तर ती पॉलिसी घेऊ नये. तेच पैसे साठवून वर्षाच्या, लहान रकमेच्या का होईना, पॉलिसीत घालावेत, आणि तीही पावसाळ्याच्या निदान महिनाभर आधी.